विहीणबाईंची ताटली

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. मुलापाशी नाही, सुनेपाशी नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. देवाला ठाऊक असेलच, पण माझ्या तोंडून गेलेलं नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून जमेल असं वाटतं. लागत असतात तर गप्प बसले असते.

मी चौथी शिकलेली बाई. लिहायला वेळ लागतो. आणि ही गोष्ट लिहायला तर — सरळ सांगते, तीनदा कागद पुढे घेतला आणि तीनदा उठून भांडी घासायला गेले. घासलेलीच भांडी.

माझा मुलगा महेश सिंगापूरला असतो. जुरोंग आयलंडवर केमिकलच्या कारखान्यात इंजिनियर आहे, सकाळी उजाडायच्या आत कंपनीच्या बसने जातो. सून अमृता बुओना व्हिस्टाला एका संशोधनाच्या ऑफिसात. राहतात तोआ पायोहला, दहाव्या मजल्यावर. नात झाली, तन्वी, तेव्हापासून तिला सांभाळायला आम्ही दोन आज्या आलटूनपालटून जायचो. तिथे राहायच्या पासाची मुदत असते. एकीची संपली की दुसरीनं यायचं. मी कराडहून, अमृताची आई वाईहून.

अमृताच्या आईचं नाव नलिनी. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, रिटायर झालेल्या. आम्ही एकमेकींना विहीणबाई म्हणायचो, अहो-जाहो करायचो, आणि तरी आमचं चांगलं जमायचं. सोयरिकीत असं जमत नाही बहुधा. त्या उंच, सडपातळ, हसायला लागल्या की तोंडावर पदर धरायच्या आणि डोळ्यांतून पाणी यायचं. सिंगापूरची एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, मला महेशनं नाही शिकवली, नलिनीबाईंनी शिकवली. त्यांची पाळी संपून माझी सुरू व्हायची तेव्हा एखादा आठवडा आम्ही दोघी बरोबर असायचो. त्या आठवड्यात मला घेऊन त्या लाल लाइनवर बसायच्या आणि सांगायच्या, "विहीणबाई, अक्षर नका बघू, रंग बघा. रंग चुकत नाही." एवढी शिकलेली बाई, पण माझं कमी शिक्षण त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही. हे आधी सांगून ठेवते. त्यांनी माझं काही वाईट केलेलं नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही.

मग मी का केलं? — थांबा, क्रमानं सांगते.

तन्वी चारेक वर्षांची असेल. अमृताची रोमला कसलीशी कॉन्फरन्स होती. महेश म्हणाला, सगळेच जाऊ, दोन्ही आज्यांना घेऊन. मला त्यात काय कळणार होतं? पण गेले. कॉन्फरन्स झाल्यावर त्यानं भाड्याची गाडी घेतली आणि आम्हाला डोंगरातली गावं दाखवत निघाला. त्यातलं एक देरुता.

डोंगराच्या टोकावर गाव. खाली दरी, शेतं, नदी. आणि गावात जिकडे बघाल तिकडे चिनीमाती. घराच्या नंबराची पाटी चिनीमातीची, भिंतीत बसवलेली देवीची तसबीर चिनीमातीची, दुकानांच्या बाहेर ताटल्याच ताटल्या — निळ्या, पिवळ्या, वेलबुट्ट्या काढलेल्या. आमच्याकडे चिनीमाती म्हणजे लोणच्याची बरणी, संपलं. जेवायला स्टील. मी एका दुकानात किंमत विचारायला लावली आणि महेशला म्हटलं, एवढ्यात आपलं अख्खं भांड्यांचं कपाट येईल. नलिनीबाई म्हणाल्या, "आणि ते फुटणारही नाही." दोघी हसलो. एका कट्ट्यावर बसून दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली. चटणी माझी होती. त्यांनी बोटं चाटून खाल्ली.

पुढे एका कारखान्यात — कारखाना कसला, दोन खोल्या आणि मागे भट्टी — पाहुण्यांना ताटली रंगवायला देत होते. आपण रंगवायची, ते भाजणार आणि पत्त्यावर पाठवणार. आमचे गुडघे दुखत होते. महेश, अमृता आणि पोर वर संग्रहालय बघायला गेले आणि आम्हाला तिथे बसवून गेले. कारखान्याची मालकीण आमच्याच वयाची, केस पांढरे, हातभर रंग लागलेला. भाषा एकमेकींची कुणालाच येईना. तिनं खुणेनं सगळं समजावलं.

ताटलीवर पांढरा कोरडा थर असतो, पिठासारखा. त्यावर कुंचला ठेवला की रंग लगेच शोषला जातो. पुसता येत नाही. आणि रंग दिसतो एक, भाजल्यावर होतो दुसरा. मळकट जांभळं दिसतं ते भट्टीतून निळं निघतं, असं तिनं दोन तुकडे शेजारी ठेवून दाखवलं.

मी तुळशीवृंदावन काढायला गेले. पहिलीच रेघ जाड झाली, पुसायला गेले तर पांढरा थरच निघाला. मला राग आला. मग मी रंग थापतच गेले. नलिनीबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "विहीणबाई, हे वृंदावन आहे की प्रेशर कुकर?" मी म्हटलं, "कुकर. शिट्टी राहिलीय." त्यांनी तोंडावर पदर धरला. ती गोरी मालकीणही हसायला लागली. तिला काय कळलं कोण जाणे.

आणि त्यांनी काय काढलं? त्यांनी चैत्रांगण काढलं. चैत्रात गौर बसवल्यावर दारात रांगोळी काढतात ना, तिच्यातल्या खुणा. काठानं गोपद्मं, मध्ये पाळण्यात गौर, चंद्र, सूर्य, शंख, कासव, फणी-करंडा. हात कुठे अडला नाही. फणीला दात एकाच बाजूला काढले. मी म्हटलं, फणीला दोन्हीकडे असतात. तर म्हणाल्या, "आमची आई अशीच काढायची. तिची फणी एका बाजूला मोडलेली होती, ती बघूनच ती शिकली. आम्ही सगळ्या बहिणी मोडकीच फणी काढतो."

महेश वगैरे परत आले तेव्हा मालकिणीनं दोन्ही ताटल्या आत ठेवून दिल्या होत्या. कुणी बघितल्या नाहीत. आम्हा दोघींखेरीज कुणीच नाही.

त्यानंतर त्या वाईला गेल्या, पाळी माझी होती. काही आठवड्यांनी दुपारी खोकं आलं. घरात मी एकटी, तन्वी शाळेत. उघडलं. एक ताटली चांगली होती, दुसरीचे चार तुकडे. फुटलेली माझी. चांगली ती — काय सांगू, मी ती हातात धरून उभीच राहिले. तो मळका जांभळा असा निळा झाला होता, की बघत राहावं. माझे तुकडे मी कचरा खाली सोडायच्या चूटमध्ये टाकले. तेव्हा मनात काही पाप नव्हतं, खरंच. तो कुकर कुणी बघू नये, एवढंच.

संध्याकाळी महेश आला. बूट काढता काढता त्याला टेबलावर ताटली दिसली. दोन्ही हातांनी उचलली आणि म्हणाला, "आई, हे तू काढलंस?"

त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. पोरगा शिकला, मोठा झाला, मला विमानातून फिरवलं, सगळं केलं. पण माझ्याकडे असं बघताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. असं तो अमृताच्या आईकडे बघायचा, त्या पेपरातलं काही समजावून सांगत तेव्हा.

मी म्हटलं, हो.

"आणि अमृताच्या आईंची?"

"वाटेत फुटली."

झालं. एवढंच. ताटली हॉलमध्ये भिंतीवर गेली. आल्यागेल्याला महेश दाखवायचा. तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका म्हणाल्या, काकू, आमच्या मुलांना चैत्रांगण शिकवा. मी म्हटलं, गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. खोटं एकदा घरात आलं की त्याला रोज खायला घालावं लागतं. फोनवर नलिनीबाईंनाही सांगितलं, तुमची फुटली हो. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, मातीचीच ती. तुमचा कुकर तरी शाबूत आला ना?" मी म्हटलं, हो, माझी ताटली आली.

हा पहिला भाग. हे मी एखादे दिवशी हसत हसत सांगूनही टाकलं असतं. याच्यासाठी मी कागद घेऊन बसले नसते.

माझी मुदत संपत आली आणि त्या आल्या. बरोबरच्या आठवड्यातला पहिला दिवस. घरात पाऊल टाकलं, हातपाय धुतले, पाणी प्यायल्या, आणि भिंतीकडे लक्ष गेलं. चेहरा एकदम उजळला. "अगंबाई, ही तर माझी. शाबूत आली की."

तन्वी म्हणाली, "नो ला, नलूआजी. दॅट वन आजी मेड."

अमृता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. महेश सोफ्यावर. सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. 'गंमत केली विहीणबाई, तुमचीच आहे.' त्या हसल्या असत्या. पदर धरला असता तोंडावर. महेशनं मला चार दिवस चिडवलं असतं. बस.

मी म्हटलं, "अहो, तुमचीच बघून मी काढली. तुमची फुटली, फोनवर सांगितलं नव्हतं का मी?"

"पण तुमचं ते वृंदावन..."

"ते बिघडलं म्हणून त्या बाईनं मला दुसरी ताटली दिली. विसरलात?"

त्या ताटलीजवळ गेल्या. "फणी बघा," त्या हळूच म्हणाल्या. "एकाच बाजूला."

"तुमच्यासारखीच काढली ना. तुम्हीच सांगितलंत, आई अशी काढायची म्हणून."

मी हे सगळं न अडखळता बोलले. कुठून आलं तोंडात? मला चार माणसांत धड बोलता येत नाही आणि त्या दिवशी शब्द कसे ओळीनं येत होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. राग असता तर मी लढले असते. त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या.

"असेल बाई," त्या म्हणाल्या. "दुसरी दिली होती का तिनं."

आणि अमृता? तिनं आपल्या आईचा हात ओळखायला नको होता? लहानपणापासून दारात तीच रांगोळी. पण ती शिकत होती, पुस्तकात डोकं घालून रांगोळीवरून उडी मारून शाळेला जात होती. लेकीला हात ओळखू आला नाही. मला आला होता. मी बघितल्याबरोबर ओळखला होता.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्यांनी मला विचारलं, "विहीणबाई, तिथे मी मध्येच उठून कुठे गेले होते का?" मी म्हटलं, "गेला होतात की, बाथरूमला. बराच वेळ." मी इतकं का बोलले? 'बराच वेळ' कशाला म्हणायचं होतं?

त्यानंतर त्यांचं बिनसलं. आमटीत मीठ घातलं की नाही, दोनदा विचारायच्या. दार लावून परत जाऊन कडी बघायच्या. एकदा तन्वीला शाळेतून आणताना लिफ्टमध्ये मजल्याचं बटण दाबायचं राहिलं आणि दोघी तिथेच उभ्या राहिल्या. तन्वीनं घरी येऊन हसत सांगितलं. अमृता हसली नाही. त्या बाईची आठवण माझ्यापेक्षा लख्ख होती हो. पण जिला स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नाही, तिचा हात बटणावर कसा जाणार?

आता ते सांगते ज्यासाठी हे लिहितेय.

अमृता स्वयंपाकघरात आली. मी चपात्या लाटत होते. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "आई, तुम्हाला काय वाटतं? आई जरा विसरते का हल्ली? ताटलीचं बघितलंत ना तुम्ही." ती मला आणि तिच्या आईला, दोघींनाही आई म्हणते. मला अहो, तिला अगं. तिनं मला विचारलं कारण तिला वाटलं, ही स्पष्ट बोलणारी बाई आहे, ही खरं सांगेल. सगळे मला तसंच समजतात. मी तशी आहेही. बहुतेक वेळा.

पुढच्या आठवड्यात माझी जायची पाळी होती. कराडला माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. नवरा गेलेला, घर दिरांबरोबर वाटलेलं, दोन खोल्या. आणि तन्वीचं नलूआजीवर जास्त प्रेम. त्या गेल्या की विमानतळावर रडायची. माझ्यासाठी रडायची का? रडत असेल. मी बघायला नसायचे. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं तसं सांगते.

मी पोळपाटावरून मान वर केली नाही. म्हटलं, "वय झालं गं त्यांचं. मला विचारशील तर तन्वीला एकटं त्यांच्यावर टाकू नये."

अमृतानं डोळे पुसले. चपाती तव्यावर होती. मी ती उलटली.

मी राहिले. माझ्या पासाची मुदत वाढवून घेतली, पुढेही दरवेळी घेत गेले. नलिनीबाईंना सांगितलं, तुम्ही दमता, तुम्हाला इथली हवा मानवत नाही. त्यांनी बॅग भरायला घेतली. चांगी विमानतळावर त्यांना सोडायला गेलो. आत जाण्याआधी त्यांनी तिकीट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "गेटचा आकडा बघा हो, बरोबर वाचतेय ना मी?" मला विचारलं. मला, जिला त्यांनी रंग बघून गाडीत चढायला शिकवलं. मी आकडा वाचला. बरोबर वाचला होता त्यांनी.

त्या परत कधी आल्या नाहीत. अमृता बोलवायची, दरवेळी जरा कमी जोरानं, आणि त्याच म्हणायच्या, नको गं, मी विसरते, पोरीला काही झालं तर. तन्वी मोठी होत गेली. दात पडले, नवे आले, पोहायला शिकली, मराठी बोलायची कमी झाली. सगळं मी बघितलं. त्यांनी फोनवर ऐकलं. माझ्याशीही बोलायच्या, आधीसारख्याच प्रेमानं. मधूनच विचारायच्या, "विहीणबाई, त्या गावात आपण दशम्या खाल्ल्या त्या कट्ट्यावरच ना? तुम्ही सांगा. तुमच्या लक्षात असतं." मी सांगायचे, हो, कट्ट्यावर. तेवढं खरं सांगायचे. दरवेळी वाटायचं, आता पुढचं बोलावं. बोलले का? नाही. फोन ठेवून द्यायचे आणि तन्वीचा डबा भरायला घ्यायचे.

काही वर्षांनी त्या गेल्या. हृदयाचा झटका, सकाळी, पूजा झाल्यावर. मी आणि अमृता वाईला गेलो. दिवसकार्यापर्यंत राहिलो. माणसं येत होती. त्यांचे विद्यार्थी, आता केस पिकलेले, आणि प्रत्येकजण हेच सांगत होता — बाईंना माझं नाव आठवत होतं, माझ्या भावाचं आठवत होतं, कुठल्या बाकावर बसायचो ते आठवत होतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आळीतल्या सगळ्यांचे वाढदिवस त्यांच्या तोंडपाठ, कुणाला कुठलं औषध चालत नाही तेसुद्धा. त्यांच्या डॉक्टरांनीही अमृताला सांगितलं, मला तर त्यांच्यात विसरभोळेपणा कधी दिसला नाही, पण त्या स्वतःच म्हणायच्या की मी विसरते.

लोक गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. अमृता आईच्या साड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालता घालता थांबली.

"आई, एक कळत नाही. इथे तिला सगळं आठवत होतं. मग सिंगापूरलाच ती का विसरायची?"

ती माझ्याकडे बघत होती. उत्तर माझ्याकडे आहे असं समजून. आणि होतंच की. घरात दुसरं कुणी नव्हतं. ऐकून त्रास होईल अशी ती बाईही आता नव्हती. याहून सोपी वेळ मला कधी मिळणार होती?

मी म्हटलं, "परकी जागा. हवापाण्याचा फरक पडतो काही जणांना."

अमृतानं जरा विचार केला. मग मान हलवली आणि साडीची घडी पुरी केली.

"तसंच असेल," ती म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून बरं, आई. नाहीतर तन्वीचं काय झालं असतं."

मी पुढची साडी उचलून तिच्या हातात दिली.